जास्तीची पै

शांतिब्रह्म एकनाथ महाराजांच्या चरित्रातला एक प्रसंग मी चाळीस-बेचाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. आपणही तो अनेकदा ऐकला असेल. नाथमहाराज देवगिरीला सद्गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. हिशेबाचे काम स्वामींनी त्यांच्याकडे सोपवले होते. एका रात्री जमाखर्चाचा ताळा लागेना. फरक फक्त एका पैचा. नाथांनी दिवा जवळ ओढला आणि वह्या पहिल्यापासून तपासायला घेतल्या. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. झाला प्रकार कळल्यावर ते म्हणाले, एका पैसाठी चित्त एवढे एकाग्र होते, तेच भगवंताकडे लागले तर केवढे काम होईल! असा त्यांच्या बोलण्याचा भाव.

येथे टाळकरी गजर करीत आणि मी एकाग्रतेवर निरूपण करी. श्रोते माना डोलावत. मात्र या प्रसंगातली एक साधी गोष्ट मी इतक्या वर्षांत कधी विचारली नाही, श्रोत्यांना नाही आणि स्वतःलाही नाही. ती पै कमी पडत होती, की जास्त होत होती?

गेल्या पौषात माझ्याच घरात हिशेब चुकला तेव्हा हा प्रश्न पुढे उभा राहिला. त्याची हकिकत माउलींपुढे ठेवतो. तीत माझी शोभा नाही, पण कीर्तनकाराने आयुष्यभर दुसऱ्यांचे दोष दाखवले, निदान एक तरी स्वतःचा सांगावा.

माझे वडीलही कीर्तनकार होते. ठरवून पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नेम. आरतीच्या ताटात पडेल ते देवाचे, त्यातून देवाने दिले ते आपले. मीही आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे शिकून आलो तो हाच नेम घेऊन. आयुष्यात कधी आकडा सांगितला नाही. पाकीट मिळाले तर ते घरी आल्यावरच उघडले. उघडले मात्र लगेच, हेही खरे.

वडिलांना ताटात कधीमधी चांदीचा रुपया मिळे. तो ते मोडत नसत. पितळेच्या एका डब्यात, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवत. त्यांच्या पश्चात डबा माझ्याकडे आला. त्यात तेहतीस रुपये निघाले. आठ फार जुने होते, कुणावर राणीचे चित्र, कुणावर तिच्यामागच्या राजांचे. बाकीचे पंचवीस सहाव्या जॉर्जचे, 1940 ते 1945 या सालांतले. शिवाय काही शिवराया होत्या, एका अंगाला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला ‘छत्र पति’ अशी अक्षरे झिजत आलेली.

आमच्या घरातल्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची ठरली तेव्हा मला डब्याची आठवण झाली. नातू कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, “आबा, मोडीत देऊ नका. जुन्या नाण्यांचा छंद असणारी माणसे असतात. आपण मोबाईलवरून विकू.” त्याने माहिती काढली. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्यात येतात आणि तशा वस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणून आठ जुने रुपये आणि शिवराया पुन्हा धोतरात गेल्या. उरलेले पंचवीस विकायचे ठरले.

जन्मात कशाला भाव न लावलेला माणूस मी. नातवाने विचारले, “काय लिहू?” मी म्हणालो, “राजाछाप रुपया म्हणजे शुद्ध चांदी. वडील सांगत.” त्याने तसेच लिहिले, फोटो लावले आणि शुद्ध चांदीच्या हिशेबाने एकाला अठराशे रुपये भाव ठेवला. आठ दिवसांत एका गृहस्थांनी पाच घेतले. नातीच्या बारशाला पाच सुवासिनींच्या हातांनी ओटीत घालायचे होते म्हणे. नऊ हजार रुपये आले. त्यांनी आमच्या नावापुढे पाच तारे लावले आणि खाली लिहिले, “खरी माणसे.” नातवाने मला ते मोठ्याने वाचून दाखवले. मी दोनदा वाचायला लावले.

पुढे एके दिवशी आमच्या दिंडीतले एक टाळकरी घरी आले. पिढीजात सोनारकी. मी कौतुकाने डबा पुढे केला. त्यांनी एक रुपया हातात घेतला, साल पाहिले आणि म्हणाले, “बुवा, हा निम्म्या चांदीचा.” मला पटेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. 1939 पर्यंतच्या रुपयात शंभराला जवळजवळ ब्याण्णव भाग चांदी असे. महायुद्ध लागले आणि 1940 पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली, बाकी हिणकस धातू. 1947 पासून तर रुपया निकेलचाच झाला. गंमत अशी की 1940 नंतरच्या रुपयाचे वजन पूर्वीइतकेच ठेवले, 11.66 ग्रॅम. म्हणजे जुन्या रुपयात साडेदहा ग्रॅमांहून जास्त चांदी आणि या रुपयात पावणेसहा ग्रॅमांच्या आसपास. “तराजूत दोन्ही सारखे,” ते म्हणाले, “फरक कसाला लावल्यावर कळतो.”

ते गेल्यावर नातवाने लगेच मजकूर दुरुस्त केला. ‘शुद्ध चांदी’ काढून ‘निम्मी चांदी’ लिहिले, भाव अठराशेचा नऊशे केला. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. आधी विकलेल्या पाच नाण्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. माउली, खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरे झाले, ती आधीच गेली. त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

उरलेली वीस नाणी एकत्रच विकावी असे ठरले. विसा नऊशे म्हणजे अठरा हजार. नातवाने रात्री मजकूर टाकला आणि झोपला. सकाळी उठून पाहतो तर रात्री साडेबाराला कुणीतरी सगळी वीस नाणी घेतली होती, पैसेही भरले होते. नऊशे रुपये! पोराने वीस नाण्यांच्या ढिगाला एका नाण्याचा भाव लिहिला होता. सतरा हजार शंभर रुपयांचा खड्डा. पोराचा चेहरा उतरला. माझाही.

“थांबा आबा, रद्द करतो,” तो म्हणाला. विकणाऱ्याने व्यवहार मोडला तर कारण द्यावे लागते. कारणांची यादी तयारच असते, त्यातल्या एकावर बोट ठेवायचे. माल खराब झाला. माल शिल्लक नाही. भाव लिहिताना चूक झाली. घेणाऱ्यानेच रद्द करायला सांगितले. नातवाचे बोट शेवटच्या कारणावर गेले. “सगळे हेच करतात. भाव चुकला म्हटले तर आपले तारे कमी होतात. त्याने सांगितले म्हटले की कुणावरच येत नाही.”

मी म्हणालो, “कुणावरच कसे येत नाही? त्याच्यावर येते.”

आपली चूक, आणि नाव दुसऱ्याचे. माल खराब नसताना खराब म्हणणे तेवढेच खोटे. मी त्याला म्हटले, “संध्याकाळपर्यंत काहीही दाबू नकोस.”

दुपारी एका वकिलांना फोन केला. माझी कीर्तने ऐकत आलेले गृहस्थ. त्यांनी 1872 च्या करार कायद्यातले 22 वे कलम सांगितले. एकाच पक्षाचा वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला, एवढ्यावरून करार मोडता येत नाही. दोघांचीही महत्त्वाच्या बाबतीत चूक असेल तर गोष्ट वेगळी, त्याला 20 वे कलम. “पण बुवा,” ते पुढे म्हणाले, “समोरच्याला चूक डोळ्यांनी दिसत होती आणि तरी त्याने ती साधली, असे असेल तर न्यायालय त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू शकते. शिवाय असल्या साईटींचे स्वतःचे नियम असतात, ते वाचा.” मी म्हणालो, “कोर्टात कोण जातोय? मला फक्त कुठे उभा आहे ते पाहायचे होते.”

मग मला तुकोबारायांच्या मिरच्यांची परंपरेने चालत आलेली कथा आठवली. महाराज कोकणात मिरच्या विकायला गेले. गिऱ्हाईक आले की म्हणायचे, तूच मापून घे. लोकांनी मापून घेतले आणि मापाबाहेरही घेतले. शेवटी देवालाच रूप घेऊन वसुलीला फिरावे लागले. ही कथा सांगताना श्रोते तुकोबांच्या भोळेपणावर हसत, मीही त्यांना हसू देई. जास्तीच्या मिरच्या पदरात बांधून घरी गेलेल्यांचे काय, यावर मी कधी रेंगाळलो नाही. त्या दिवशी मात्र रेंगाळलो. मनात म्हटले, रात्री साडेबाराला नऊशे रुपयांत वीस चांदीचे रुपये घेणारा तो, मापाबाहेर मिरच्या घेणाराच की! त्याचा चांगला राग आला. राग आला की बरे वाटते. माणूस एकदम न्यायाधीश होतो.

रात्री झोप येईना. सतरा हजार शंभर. या कुशीवरून त्या कुशीवर. आमच्या घरातल्या अंधारातच म्हणाल्या, “गुडघा थांबेल हो माझा. पण तुम्ही असे वळत राहिलात तर माझीही झोप जाते.”

आणि तेवढ्यात मला लख्ख दिसले. आठ दिवसांपूर्वी याच खोलीत, याच घोंगडीवर मी गाढ झोपलो होतो. तेव्हाही हिशेब चुकलेलाच होता. पाच नाण्यांचे नऊशेप्रमाणे साडेचार हजार व्हायला हवे होते, मी नऊ हजार घेतले होते. साडेचार हजार जास्तीचे. मिरच्या मापाबाहेर घेणारा कोण ते शोधायला मला फार लांब जायची गरज नव्हती. तो तर चूक पाहून मोहात पडला. मी चूक कळल्यावर गप्प बसलो, आणि वर ‘खरी माणसे’ हे शब्द दोनदा वाचून घेतले.

नुकसानीची चूक माणसाला उठवून बसवते. फायद्याची चूक पांघरूण घालते. दोन्ही चुकाच, वजनाने सारख्या. कस मात्र वेगळा.

अशा वेळी नरहरी सोनार महाराजांची आठवण होते. पांडुरंगाच्या कमरेचा करगोटा करायचा. हे शिवाचे कडवे उपासक, मंदिरात पाऊल टाकायला तयार नाहीत. माप मागवून करगोटा केला तर सैल झाला. आखूड केला तर अपुरा पडला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून माप घ्यायला गेले, आणि पट्टी सुटली तेव्हा हरी-हर एकच असल्याचे दिसले. मी या कथेत नेहमी हरिहरांच्या ऐक्यावर बोललो, आणि ते बरोबरच आहे. त्या रात्री मला त्यातले माप दिसले. एकदा सैल, एकदा अपुरा. चूक दोन्ही बाजूंनी झाली होती आणि तिचे कारण एकच होते. सोने खोटे नव्हते, हातही कुशल होता. डोळ्यांवर पट्टी होती.

आणि नाथांच्या पैचे उत्तर मिळाले. ती पै कमी होती की जास्त, हे विचारायचेच नसते. जमाखर्च लिहिणाऱ्याला दोन्ही सारख्याच. शंभराच्या जागी नव्व्याण्णव आले तरी ताळा लागत नाही, एकशे एक आले तरी लागत नाही. जास्तीची पै पाहून जो वही मिटून झोपतो त्याला हिशेबनीस म्हणत नाहीत. नाथ झोपले नाहीत, कारण त्यांना पैसे मोजायचे नव्हते, खरे काय ते शोधायचे होते. चाळीस वर्षे मी एकाग्रता सांगितली. एकाग्र तर मीही होतो, सतरा हजार शंभरावर!

सकाळी काकडा आटोपून नातवाला हाक मारली. पार्सलसाठी दिलेला नंबर होता. आधी त्याला लावायला सांगितला. मी म्हणालो, “नमस्कार. आपण मागवलेली नाणी माझी आहेत. वीस नाण्यांचा भाव अठरा हजार, आमच्याकडून एकाचाच भाव लिहिला गेला. चूक माझ्या घरची. आपण क्षमा करून व्यवहार मोडू दिला तर पैसे आज परत करतो आणि कारण म्हणून आमचीच चूक लिहितो. आपला आग्रहच असेल तर लिहिला तो माझा शब्द, नाणी पाठवतो.”

हे शेवटचे वाक्य बोलताना माझा हात थरथरत होता. देवाशप्पथ सांगतो, तो ‘पाठवा’ म्हणेल की काय या भीतीने पोटात गोळा आला होता.

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग तरुण आवाज आला, “काका, मला दिसले होते. म्हणून तर घाईने घेतली.” पुन्हा थोडे थांबून, “राहू द्या. पैसे परत करा.” आणि फोन ठेवला. आम्ही लगेच ‘भाव लिहिताना चूक’ यावर बोट ठेवले, पैसे परत केले. त्याने आम्हाला दोन तारे दिले. नातू हिरमुसला. मी म्हटले, “वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या सावधपणाची किंमत त्याने बरोबर लावली.”

दुसरा फोन जास्त अवघड गेला. पाच नाणी घेतलेल्या गृहस्थांना मी सांगितले की आमच्याकडून दुप्पट भाव घेतला गेला, साडेचार हजार परत करायचे आहेत, खाते क्रमांक सांगा. ते एकदम ओरडले, “लाज नाही वाटत? पैसे परत करायचे म्हणून फोन करता आणि ओटीपी विचारून लुबाडता! पोलिसांत देईन.” फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. आमच्या घरातल्या हसून हसून बेजार झाल्या. त्यांचे तरी काय चुकले? आज पैसे घ्यायला आलेल्यावर विश्वास बसतो, परत द्यायला आलेल्यावर बसत नाही, असे दिवस आम्हीच सगळ्यांनी मिळून आणले आहेत.

शेवटी जुना मार्ग धरला. एका कागदावर सगळी हकिकत लिहिली: 1939 पर्यंतची चांदी किती, 1940 नंतरची किती, आम्ही काय लिहिले आणि खरे काय. नाणी नको असतील तर परत पाठवावीत, उरलेले साडेचार हजार आणि टपालखर्च मी देईन. पटत नसेल तर जवळच्या सोनाराकडे कस लावून पाहावा. सोबत साडेचार हजारांचा चेक जोडला आणि स्पीड पोस्टाने पाठवला. एक गोष्ट मात्र मी पत्रात लिहिली जी फोनवर सांगितली नव्हती. “चूक कळून आठ दिवस झाले होते. तेवढे दिवस मी गप्प होतो.” हे वाक्य दोनदा लिहून दोनदा खोडले. तिसऱ्यांदा राहू दिले.

वीस नाणी पुढे योग्य भावात, वेगवेगळ्या माणसांकडे गेली. आता नातू मजकूर टाकण्याआधी मला मोठ्याने वाचून दाखवतो: किती नाणी, एकाचा भाव की सगळ्यांचा, चांदी किती, शून्ये किती. मी चष्मा लावून बोट ठेवून तपासतो. आणि एखादी चूक निघालीच तर मागे विकलेल्या सगळ्या व्यवहारांची वही काढतो, केवळ तोट्याची पाने नव्हे. एवढे शहाणपण सत्तरी उलटल्यावर आले.

पंधरा-वीस दिवसांनी खात्यातून साडेचार हजार वजा झाल्याचा संदेश आला. पैसे गेल्याचा संदेश वाचून माणसाला आनंद होतो, हे मला आजवर माहीत नव्हते. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. या वेळी आवाज मऊ होता. “बुवा, त्या दिवशी बोललो ते मनावर घेऊ नका. नाणी ठेवून घेतली. पण एक विचारू? तुम्ही सांगितले नसते, तर मला कधी कळले असते का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग कशाला सांगितलेत?”

मी म्हणालो, “ताळा लागत नव्हता.”

राम कृष्ण हरी.